तिसरीनंतरचा दाखला

भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत वाल गुडघ्याला लागले, शेंगा धरू लागल्या, की माझं डोकं फिरायला लागतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पौषाच्या त्या दिवसांत माझ्याशी कुणी फार बोलत नाही. बायको चहाचा कप समोर ठेवते आणि आत निघून जाते. गाळ्यावरचे हमालसुद्धा पोती जरा बेतानं टाकतात. वालाच्या धंद्यावर मी घर बांधलं, मुलीचं लग्न केलं, रोह्याच्या बाजारात स्वतःचा गाळा घेतला. ज्या मोसमानं हे सगळं दिलं, त्याच मोसमाचा वास आला की मला कुणाशी तरी भांडावंसं वाटतं.

वास म्हणजे हिरव्या शेंगांचा. पहाटे तोडलेल्या शेंगा दंवासकट पोत्यात दाबून भरतात. सकाळी कुंडलिकेच्या पुलावरून टेम्पो येतात तेव्हा धुक्यात आधी दिवे दिसतात, मग पोती. पोत्याच्या तोंडात हात घातला तर वर गार लागतं आणि आत कोमट, गुराच्या कुशीसारखं. त्या कोमट, हिरवट वासात माझ्यापुरती एक परीक्षा मिसळून गेली आहे. माझी नव्हे. मी सातवीच्या पुढे गेलो नाही. परीक्षा होती माझ्या मुलीची, अश्विनीची. त्या परीक्षेला आता तीसएक वर्षं झाली. यंदा तीच परीक्षा अश्विनीची मुलगी ओवी देणार आहे, म्हणून वास जरा जास्तच उग्र येतो आहे.

अख्ख्या जिल्ह्यात सरकारची अशी एकच निवासी शाळा. सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथंच. एकदा पोर आत गेलं की आईबापानं सात वर्षं चिंता करायची नाही, आणि बाहेर पडतं ते डॉक्टर-इंजिनियरच्या वाटेला लागूनच, असं आम्ही ऐकत होतो. आत जायचा दरवाजा एकच. पाचवीत असताना, जानेवारीत, एक दिवस, एक पेपर. पुन्हा बसता येत नाही. माझ्यासारख्या माणसाला हे सहन होणारं नव्हतं. सकाळी फिसकटलेला सौदा मी संध्याकाळी पुन्हा जुळवतो. इथं संध्याकाळच नव्हती.

माझं गाव गागोद्याच्या अंगाला, पेणपासून एसटीनं तासाभराचं. मी धंद्याला लागलो तो सायकलवर. पुढं एक पोतं, मागं दोन. शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन वाल घ्यायचे आणि रोह्याला नेऊन घालायचे. सौदा करायला मला कुणी शिकवलं नाही. मूठभर वाल हातात घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि शेतकऱ्यानं तोंड उघडायच्या आत "ओल हाय" म्हणायचं. मग भाव सांगायचा. तो "परवडत नाय" म्हणाला की सायकलला टांग मारायची आणि निघायचं. मागं वळून बघायचं नाही. अंगणाच्या कडेपर्यंत जाईस्तोवर मागून हाक येते, "शेठ, थांबा." ज्यानं थांबा म्हटलं तो अडलेला. मग भाव आपला.

या एका शब्दावर मी आयुष्य काढलं. थांबा म्हणणाऱ्याचं म्हणणं काय आहे ते मी कधी ऐकलंच नाही. तो थांबा म्हणाला एवढंच मला पुरत असे.

अश्विनी तिसरीत होती. मार्चमध्ये धर्माच्या अंगणात वाळलेल्या वालाचं माप चाललं होतं. धर्मा म्हणजे आमच्याच वाडीतला, चार घरं टाकून. त्याची कुंदा आणि माझी अश्विनी एका बाकावर बसत. मी घट धरली, ओल धरली, पोत्याचं वजन वजा केलं आणि तोंडानं हिशोब करून आकडा सांगून टाकला. असा भराभर आकडा सांगितला की समोरच्याला बोटं मोजायला वेळ मिळत नाही. पोत्यावर बसून पाय हलवणारी अश्विनी म्हणाली, "बाबा, चुकलं. धर्माकाकांचे जास्त होतात."

धर्मा हसला. "शेठ, ही पोर नक्की तुमचीच ना?"

"घरी जा," मी तिच्यावर ओरडलो. ती गेली. धर्माला मी पुरे पैसे दिले, द्यावेच लागले. पण सायकल रेटत घरी येताना मला हसू आवरेना. मी ते पोतं वजा करताना मुद्दाम दोनदा वजा केलं होतं. मोठमोठ्या माणसांना ते कळत नसे. आठ वर्षांच्या पोरीनं पाय हलवता हलवता पकडलं. त्या दिवशी मी ठरवलं, ही त्या शाळेत जाणार.

आता जे सांगतो आहे त्यात मी कुणालाही सोडणार नाही.

पेणला एक सर होते. त्यांचा क्लास नावाजलेला. स्कॉलरशिप, निवासी शाळेची प्रवेश परीक्षा, सगळी तयारी करून घेत. मी त्यांना जाऊन भेटलो. सर म्हणाले, "गावात राहून काय होणार? पेणला आणा तिला. दिवसा इथल्या शाळेत, संध्याकाळी माझ्याकडे." पेणला माझी बहीण होती, तिच्या नवऱ्याचा गणपतीचा छोटा कारखाना. राहायची सोय झाली. मी दुसऱ्याच दिवशी गावच्या शाळेत दाखला काढायला गेलो.

गावची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा. शिकवायला म्हात्रे बाई, खाडीकडच्या. रोज दोन एसटी बदलून येत. बोलायला मऊ, पण पाढे चुकले तर मुलाला ओट्यावर उभं करत. मी गेलो तेव्हा ओट्यावर धर्मा आणि आणखी तिघे-चौघे बसले होते, कसल्याशा सह्यांसाठी. बाईंनी दाखल्याचं पुस्तक काढलं, लेखणी उचलली आणि परत खाली ठेवली.

"शेठ, थांबा. पाचवीपर्यंत हिला इथंच राहू द्या."

त्यांनी थांबा म्हटलं आणि मी आतल्या आत सायकलला टांग मारली.

"का?"

"पोर हुशार आहे. तयारी मी करून घेईन. शिवाय त्या परीक्षेला..."

"बाई, एक पोर गेली की पट कमी होतो, म्हणून पोटात दुखतंय. तसं सरळ सांगा की."

ओट्यावरचे सगळे हसले. धर्मा म्हणाला, "शेठनं बाईंचा पण भाव पाडला."

बाईंचा चेहरा उतरला. पट कमी झाला तर शाळा बंद होते, हे खरंच होतं, आणि मी ते चारचौघांत असं बोललो होतो की आता त्या पुढं काहीही बोलल्या असत्या तरी ते पोटासाठीच वाटलं असतं. त्यांनी दाखला लिहिला, शिक्का मारला आणि पुस्तक मिटलं. मी जिंकून घरी आलो.

पेणचं ते बहिणीचं घर मला अजून आठवतं. पुढं राहायचं, मागं कारखाना. जानेवारीत बाहेरच्या माणसाला वाटतं की गणपतीवाल्यांना काम नसेल, पण साच्यातून मूर्ती काढायचं काम तेव्हाच जोरात असतं. फळ्यांवर ओळीनं गणपती वाळत असत, रंग नाही, डोळे नाहीत. शाडू मातीचा ओला वास आणि काथ्याचा वास. त्या फळ्यांच्या मध्ये एक चटई टाकून अश्विनी अभ्यासाला बसे. त्या परीक्षेत आकृत्या फार असतात. चारांतली वेगळी कोणती, आरशात कशी दिसेल, घडी घालून कापली तर काय होईल. आरशाच्या आकृत्या सुरुवातीला तिला जमत नव्हत्या. मी शनिवारी शेंगांची पोती घेऊन पेणला जायचो तेव्हा तिला घेऊन बसायचो. एकदा तीच आकृती तिनं तिसऱ्यांदा चुकवली तेव्हा मी पुस्तक भिरकावलं. एका गणपतीच्या सोंडेला लागून ती तुटली. बहीण धावत आली. "दादा, आरं देवावर तरी राग काढू नको."

अश्विनी रडली नाही. तिनं बाजूला पडलेला रिकामा साचा उचलला, त्यात डोकावून बघितलं, आणि मग वाळत ठेवलेल्या मूर्तीकडे बघितलं. "आत्या, यात सोंड इकडं आहे आणि त्याची तिकडं." बहीण म्हणाली, "मग गो? साच्यात सगळं उलटंच असतंय." त्यानंतर आरशाची एकही आकृती तिची चुकली नाही. अवघड आली की ती मनात साच्यात ओतायची आणि बाहेर काढायची. क्लासवाल्या सरांना मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. ते "छान, छान" म्हणाले आणि फळा पुसायला लागले.

दोन वर्षं पोर आईवेगळी राहिली. दर रविवारी घरी आणायचो, संध्याकाळच्या गाडीनं परत. परत जाताना आईच्या लुगड्याला धरून उभी राहायची. बायको मला म्हणायची, "अहो, राहू द्या की हितं. बाई शिकवतात ना." मी म्हणायचो, "तुला काय कळतंय?" बायको पाचवी शिकलेली. पुढं जे घडलं त्यावरून बघता माझ्या दोन इयत्तांचा आम्हांला काय उपयोग झाला ते सांगता येत नाही.

पाचवीच्या सुरुवातीला फॉर्म आला. क्लासवाल्या सरांनी सगळ्या मुलांचे फॉर्म स्वतः भरले आणि पालकांना सह्या करायला बोलावलं. भाड्यानं घेतलेला टेम्पो बाहेर उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी उभ्या उभ्या सही ठोकली. डिसेंबरात परीक्षेचं प्रवेशपत्र आलं. त्यावर नाव, नंबर, फोटो, आणि एका रकान्यात लिहिलेलं: शहरी. मी ते वाचलं आणि मला काय वाटलं ते आज लिहिताना कानशिलं तापतात. मला अभिमान वाटला. वाटलं, आपली पोर गावंढळ पोरांच्या रांगेतून उचलून वर ठेवली. मी त्याची झेरॉक्स काढली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि रोह्याच्या बाजारात चार लोकांना दाखवली. "हे बघा. आमची पोरगी शहरी."

परीक्षेचा रविवार. पेणच्या एका हायस्कुलात केंद्र होतं. थंडी होती. मुलं आत गेली, आम्ही फाटकाबाहेर. कुणी दुसऱ्या पोराच्या बापाशी, कुणी शेंगदाणेवाल्याशी बोलत उभे. मी टेम्पोच्या फळीवर बसलो होतो, मागं शेंगांची पोती, सकाळीच भरलेली. परीक्षा आटपली की पनवेलला जायचं होतं. तेवढ्यात म्हात्रे बाई दिसल्या. आमच्या गावातल्या सहा-सात पोरांना एसटीनं घेऊन आल्या होत्या. स्वतःच्या खर्चानं, असं नंतर कळलं. त्यांत धर्माची कुंदाही होती.

बाई आपण होऊन माझ्याजवळ आल्या. दीड वर्षांत आम्ही बोललो नव्हतो.

"अश्विनी आत गेली ना? काल घरी आणली असतीत तर कुंदाबरोबर एसटीत बसवलं असतं तिला."

"ती पेणलाच असते," मी म्हणालो आणि खिशातून झेरॉक्स काढून पुढं केली. का काढली? दाखवायला. अजून जिंकायचं होतं.

बाईंनी वाचलं. आणि वर बघितलं नाही. त्यांचं बोट त्या शहरी शब्दावर थांबलं होतं.

"शेठ, तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही?"

"काय?"

मग त्यांनी सांगितलं. हळू आवाजात, बाजूच्या माणसांना ऐकू जाणार नाही असं. त्या शाळेतल्या बहुतेक सगळ्या जागा खेड्यातल्या मुलांसाठी असतात. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत काढलेली असली पाहिजेत. त्यात एक दिवस जरी नगरपालिकेच्या हद्दीतल्या शाळेत नाव असलं तर मूल शहरी धरतात. शहरी मुलांना जागा बोटावर मोजण्याएवढ्या, आणि त्यांवर पनवेल, उरण, अलिबागची क्लास लावलेली सगळी पोरं तुटून पडलेली.

मी म्हणालो, "मग तुम्ही तेव्हा बोलला का नाय?"

"बोलायला लागले होते. तुम्ही पट काढलात."

"मी काढला तर काढला! तुम्ही बाई आहात ना? ओरडून सांगायचं. दाखला फाडायचा. शिक्का मारायचा नाय!" माझा आवाज चढला. लोक वळून बघायला लागले. बाई म्हणाल्या, "हळू बोला. आत पेपर चाललाय," आणि पोरांच्या चपला राखायला गेल्या.

मी टेम्पोच्या फळीवर परत बसलो. मागच्या पोत्यांतून तो कोमट वास येत होता. आत माझी पोर मनातल्या मनात साचे ओतत होती, बाहेर काढत होती, गोल काळे करत होती. त्या शाळेत जाणं दोन वर्षांपूर्वीच तिच्या हातातून काढून घेतलेलं होतं. मी काढून घेतलेलं. फाटक तोडून आत जावं आणि तिला म्हणावं, ऊठ, चल घरी, असं वाटत होतं. पण काय सांगून उठवणार?

घंटा झाली. पोरं बाहेर सुटली. अश्विनी धावत आली, केस विस्कटलेले, बोटांना शाई. "बाबा, दोनच अडली होती. त्यातलं एक मग सुटलं! गणितात तर एकही नाय अडलं!"

मी म्हणालो, "फ्रॉकला शाई कशी लावलीस?"

ती खाली बघून फ्रॉक चोळू लागली. मागून कुंदा आली, तिनं विचारलं, "अश्वे, ते पायपाचं गणित कसं गो केलंस?" आणि अश्विनी फ्रॉक विसरून फाटकाच्या खांबावर बोटानं तिला समजावत बसली.

त्याच आठवड्यात वाडीत पोपटी लावली. उन्हं उतरल्यावर, धर्माच्याच शेतात. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, मग मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, वर पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती पेंढा पेटवलेला. पोरं भोवती नाचत होती. धर्मा मला म्हणाला, "शेठ, तुमची पोर जाणारच. माझीचं काय, गेली तर गेली." मी शेंग सोलली आणि तोंडात टाकली. भांबुर्डीच्या पाल्याचा तो वास सगळ्यांना आवडतो. मला त्या दिवसापासून सोसत नाही. गेली तीस वर्षं मी पोपटीला जात नाही. लोक म्हणतात, शेठला मोठेपणा आला.

मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. अजून आशा होती, थोड्या जागा तर थोड्या. पण बाजारात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला कळतं की माल कुठं जाणार आहे.

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला यादी लागली, पेणला पंचायत समितीच्या भिंतीवर. मला एकट्याला जायचं होतं, अश्विनी हट्टानं बरोबर आली. तिनं यादीवरून बोट फिरवलं. वरून खाली, मग खालून वर.

"कुंदाचं नाव हाय, बाबा. माझं नाय."

आम्ही स्टँडकडे चालत निघालो. तिची पावलं माझ्या मागं वाजत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "माझं गणितच चुकलं असेल."

आणि मी म्हणालो, "असेल."

हा एक शब्द. तिथं, त्या रस्त्यावर, मला खरं सांगता आलं असतं. दहा वर्षांची पोर, तिला सगळं कळलं असतं. पण सांगायचं म्हणजे बापानं दाखला काढला हे सांगायचं, बाईंना चारचौघांत हिणवलं ते सांगायचं, शहरी शब्दावर फुशारकी मारली ते सांगायचं. मी "असेल" म्हणालो आणि तिला स्टँडवर वडापाव घेऊन दिला. तिनं तो खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी मी क्लासवाल्या सरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. भर क्लासात. "तुम्हाला ठाऊक होतं की नाय?" सर शांतपणे म्हणाले, "मी शिकवायचे पैसे घेतो. फॉर्म वाचणं हे पालकांचं काम. सही तुमची आहे." मी त्यांच्या हातातलं डस्टर घेऊन भिंतीवर फेकलं. पोरं घाबरून उठली. सर म्हणाले, "झालं? आता निघा." मी वाल मोजून झाल्यावर शेतकऱ्याला हेच सांगत असे: डोळ्यांनी बघून घे, मागाहून बोलायचं नाय. माझंच वाक्य पांढरे कपडे घालून माझ्यापुढं उभं होतं. तरीही मी आजसुद्धा म्हणतो की त्या माणसानं सांगायला हवं होतं. मी शेतकऱ्याच्या वालात घट धरतो, त्याच्या पोरीच्या आयुष्यात धरत नाही.

त्यानंतरच्या मोसमात आणखी एक केलं, तेही सांगून टाकतो. धर्माचे वाल मी घेतले नाहीत. ओले आहेत म्हणालो. ओले नव्हते.

बाईंवरचा राग मी जास्त जपला. त्यांची बदली झाली, पुढं त्या निवृत्त झाल्या, गावानं शालनारळ दिला, मी गेलो नाही. मनात म्हणत राहिलो, तिनं ओरडायला हवं होतं. राग धरायला बाई बऱ्या होत्या. मऊ बोलणाऱ्या, उलट न बोलणाऱ्या. सरांवर धरलेला राग उलटून आपल्याकडे येई, बाईंवरचा कुठं जात नसे. त्या वारल्याचं कळलं तेव्हा मी गाळ्यावर होतो. भाव चालू होता, तो पुरा केला. मग मागच्या बाजूला जाऊन बराच वेळ पोती मोजत बसलो. किती होती ते आठवत नाही.

अश्विनी आधी गावाजवळच्या शाळेत, मग रोह्याला शिकली. सहावीपासूनच तिनं गणिताची वही लपवायला सुरुवात केली. आठवीच्या मास्तरांनी बोलावून सांगितलं, येतं तिला, पण हात वर करत नाही, विचारलं तर म्हणते माझं चुकेल. दहावीला जेमतेम. मग आर्ट्स. आता कोलाडच्या अलीकडं एका गावात दिली आहे. नवरा कंपनीत शिफ्टला जातो, ती अंगणवाडी चालवते. पोरं तिच्या अंगाखांद्यावर खेळतात, गावात तिला मान आहे. वाईट काहीच नाही. फक्त महिनाअखेरीस अंगणवाडीच्या रजिस्टरची बेरीज ती नवऱ्याकडून करून घेते. एकदा मी तिथं बसलो होतो. जावई शिफ्टवरून दमून आला होता, डोळे मिटत होते, तरी ती त्याच्यापुढं रजिस्टर धरून उभी. "एकदा बघा ना. माझं चुकतं." मी चप्पल घातली आणि निघालो. जावयाला वाटलं माझं काही बिनसलं.

कुंदा धरणाच्या खात्यात इंजिनियर आहे. गावाला येते तेव्हा अश्विनीकडे जाते. दोघी हसतात, खिदळतात. मला आत जाववत नाही.

ओवी त्यांच्या गावच्याच शाळेत आहे. पहिलीपासून. पेणला, रोह्याला कुठं घालू या असा विषय एकदा निघाला होता, तेव्हा मी इतक्या जोरात "नाय" म्हणालो की तो विषयच मिटला. का ते कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्याचा तिरसटपणा, असं धरून चालले.

परवा अश्विनी ओवीला घेऊन आली. दुपारी ओसरीवर बसून आईबरोबर शेंगा सोलत होती. ओवी अंगणात मांजरामागं. शाळेच्या बाईंनी पालकांना एक कागद दिला होता, निवड झाली तर कुठले दाखले तयार ठेवायचे त्याचा. अश्विनी तो मोठ्यानं वाचत होती, मी ऐकावा म्हणून. जन्माचा दाखला. रहिवासाचा दाखला. मग तिचा आवाज जरा हळू झाला. तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातील शाळेतून. एक दिवस जरी शहरी भागातील शाळेत...

ती थांबली. पुन्हा वाचलं, मनात. आईनं विचारलं, "काय गो?"

"बाबा, हा नियम तेव्हापण होता?"

मी म्हणालो, "त्या क्लासवाल्यानं सांगायला पायजे होतं. फॉर्म त्यानं भरला. आणि तुझ्या बाई..."

"तुम्हाला कधी कळलं?"

बायकोचा हात सुपात थांबला होता. मी भाव सांगतो तसं काहीतरी भराभर सांगून टाकणार होतो.

"परीक्षेच्या दिवशी," मी म्हणालो. "तू आत होतीस."

तीस वर्षांचं वजन माणूस कसं करतो ते मी त्या दिवशी पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त ओठ थोडे हलत होते. काहीतरी मोजत असल्यासारखे.

"मग सांगितलं का नाय?"

"तू म्हणाली असतीस, बापानं केलं."

"म्हटलंच असतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "महिनाभर बोलले नसते तुमच्याशी. भांडले असते. पण गणित सोडलं नसतं, बाबा."

बायको माझ्याकडे बघत होती. तिलाही त्या क्षणी पहिल्यांदाच कळत होतं. मी म्हणालो, "अश्वे, थांब, ऐक..." पण ती उठली होती. तिनं कागदाची घडी घातली, ओवीला हाक मारली आणि तिचा हात धरून पायऱ्या उतरली. आईनं पिशवीत भरलेल्या शेंगा तशाच राहिल्या.

ओवीची परीक्षा शनिवारी आहे. बरोबर चला, असं मला अजून कुणी म्हटलेलं नाही.